राज्यशास्त्राच्या पेपरांमागचा इतिहास

पदवीला राज्यशास्त्र घेतलं की सुरुवातीलाच गोंधळ उडतो. एका तासाला न्याय म्हणजे काय यावर चर्चा, दुसऱ्याला राज्यघटनेतली कलमं, तिसऱ्याला मतदानाचे तक्ते. हे सगळं एकाच विषयात कसं? खरं तर हे पेपर वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी येऊन मिळाले आहेत.

तुलनात्मक शासन, म्हणजे वेगवेगळ्या राज्यव्यवस्थांची तुलना करणारा पेपर, याची मुळं ॲरिस्टॉटलपर्यंत जातात. त्याच्या नावावर १५८ राज्यव्यवस्थांच्या नोंदी सांगितल्या जातात. त्यातला अथेन्सवरचा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. इजिप्तमध्ये तो पपायरसच्या गुंडाळ्यांवर सापडला आणि १८९१ मध्ये छापला गेला. गुंडाळ्यांच्या एका बाजूला शेतीचा जमाखर्च, आणि कोऱ्या राहिलेल्या पाठीवर कुणीतरी उतरवून ठेवलेली अथेन्सची शासनपद्धती! पहिल्या वर्षाच्या वर्गात हे आवर्जून सांगायला हवं, कारण तिथेच मुलांना हा विषय रुक्ष वाटू लागतो.

विद्यापीठांत विषय रुजला तो मात्र कारभाराच्या गरजेतून. स्वीडनमध्ये उप्साला इथे १६२२ मध्ये वक्तृत्व आणि राज्यकारभार यांचं एकत्र अध्यासन (प्राध्यापकपद) निघालं. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवलं आणि पुढच्याच वर्षी एमील बूतमी यांनी पॅरिसमध्ये राज्यशास्त्राची स्वतंत्र शाळा काढली. देश चालवणारी माणसं नीट घडवायला हवीत, ही त्यामागची तळमळ. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियात जॉन बर्जेस यांनी असंच केंद्र उभं केलं. ऑक्सफर्डने १९२० मध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र अशी एकत्र पदवी सुरू केली.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पेपर मला सगळ्यात जास्त भिडतो. त्याचं पहिलं अध्यासन वेल्समधल्या ॲबरिस्टविथला १९१९ मध्ये स्थापन झालं, तेही पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या आणि जखमी झालेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. युद्धं का होतात हा त्या पेपरातला प्रश्न आजच्या विद्यार्थ्यांच्याच वयाच्या मुलांनी मागे ठेवलेला आहे.

तक्ते आणि सर्वेक्षणं यांचा जोर दुसऱ्या महायुद्धानंतर, वर्तनवादाबरोबर, म्हणजे माणसं राजकारणात प्रत्यक्ष कशी वागतात हे मोजून पाहणाऱ्या प्रवाहाबरोबर वाढला. पण डेव्हिड ईस्टन या त्याच प्रवाहातल्या अभ्यासकाने १९६९ मध्ये, व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना, अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांसमोरच्या अध्यक्षीय भाषणात विषयाने समाजाच्या तातडीच्या प्रश्नांना भिडावं, असा आग्रह धरला. न्यायाची चर्चा आणि तक्ते आजही एकाच वेळापत्रकात शेजारी शेजारी बसतात.