न्यू जर्सीत निवासी झोनमध्ये दुकान काढायचंय? यूज व्हेरियन्सचा अर्ज असा करतात

एडिसन किंवा इसेलिनमध्ये पोळीभाजी केंद्र काढायचं ठरलं की आपला माणूस आधी भाडं विचारतो. भाडं नंतर विचारा. आधी टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, झोनिंग ऑफिसरला पत्ता सांगून विचारा, की हा झोन (वापरानुसार पाडलेला विभाग) कोणता आणि इथे हा धंदा चालतो का. लीजवर सही केल्यावर ‘चालत नाही’ असं कळलं, तर बंद शटरचं भाडं भरत बसावं लागतं. उत्तर एकाच रस्त्यावर बदलूही शकतं. ओक ट्री रोड एडिसनमधून इसेलिनमध्ये शिरला की टाउनशिप वुडब्रिज होते. १९७५ चा म्युनिसिपल लँड यूज लॉ सगळ्या राज्याला एकच आहे, पण झोनचा नकाशा आणि कुठे काय चालतं याची यादी ज्या त्या गावाची.

झोनमध्ये न बसणारा धंदा तिथे करू द्या, ही मागणी म्हणजे यूज व्हेरियन्स. काम लांबलचक आणि खर्चाचं आहे, म्हणून ते टाळता येतंय का ते आधी बघा. पाळणाघरवाल्यांना तर त्याची गरजच नसते: राज्याच्या योजनेत रीतसर नोंदवलेलं, पाच मुलांपर्यंतचं घरगुती पाळणाघर कोणत्याही निवासी झोनमध्ये कायद्यानेच चालतं. शिकवणी, शिवणकाम, हिशेब लिहिणं अशा कामांना पुष्कळ गावांच्या नियमांत ‘होम ऑक्युपेशन’ची सोय असते, पाटी, गिऱ्हाइकांची ये-जा, बाहेरचा नोकर यांवरच्या अटी तेवढ्या नीट वाचा. आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान झोनिंगचा नियम येण्याआधीपासूनचं असेल, मधे कुणी ते सोडून दिलं नसेल, तर तो वापर पुढे चालू ठेवायचा हक्क शाबूत असतो. मात्र तो हक्क किराण्याचा. तिथे तळणाची कढई आणि बसायला टेबलं आली, की पुन्हा व्हेरियन्सच्या दारात.

व्हेरियन्सही दोन जातीचे. धंदा चालतो, पण पार्किंगच्या दोन जागा कमी पडतात किंवा भिंत हद्दीला फार खेटते, तर तो ‘सी’. तिथे साधं बहुमत पुरतं. धंदाच चालत नसेल तर ‘डी’. हा अर्ज ऐकणाऱ्या टाउनशिपच्या मंडळात, म्हणजे बोर्ड ऑफ अॅडजस्टमेंटमध्ये, सात सदस्य असतात आणि ‘डी’ला पाच होकार लागतात, हजर कितीही असोत. त्या संध्याकाळी पाचच जण आले असतील, तर पाचही जण तुमच्या बाजूने हवेत. म्हणून बोलायला उभं राहण्याआधी डोकी मोजा. कमी दिसली तर पुढची तारीख मागा, त्यात कमीपणा काही नाही.

अर्ज मालकाने करायचा. भाडेकरू करत असेल तर मालकाची लेखी संमती जोडायची. स्वतःच्या नावावर अर्ज असेल तर बाजू स्वतः मांडता येते. एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर असेल तर वकील द्यावाच लागतो, आणि आपल्याकडे धंदा म्हटलं की आधी एलएलसी काढायची घाई असते. कागदांची चेकलिस्ट टाउनशिपकडून घ्या. झोनिंग ऑफिसरचं नकारपत्र, जागेचा सर्व्हे, आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीशिक्क्याचा आराखडा, फोटो, प्रॉपर्टी टॅक्स थकलेला नसल्याचा दाखला आणि कंपनी असेल तर १० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्यांची नावं, एवढं बहुतेक ठिकाणी मागतात. अर्जाची फी वेगळी आणि एस्क्रो वेगळा. एस्क्रो म्हणजे ठेव: टाउनशिपचे इंजिनिअर-प्लॅनर तुमचे कागद तपासतात, त्याचे पैसे त्यातून जातात. उरले तर परत, संपले तर भर घाला. अर्ज पुरा आहे की नाही ते ४५ दिवसांत सांगायचं आणि पुरा ठरल्यापासून १२० दिवसांत निकाल द्यायचा, असं कायदा म्हणतो. तारखा पुढे ढकलायला मात्र तुमचीच संमती मागितली जाते.

मग नोटिसा. जागेपासून सगळ्या बाजूंना २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस गेली पाहिजे, हातोहात किंवा सर्टिफाइड मेलने, शिवाय जाहीर नोटीस वेगळी. नावांची यादी टाउनशिपकडूनच लेखी मागून घ्या; ती सात दिवसांत द्यावी लागते आणि तिच्यावर विसंबता येतं. शेजाऱ्यांना तोंडी सांगितलंय, ही सबब चालत नाही. नोटीस चुकली तर बोर्डाला सुनावणीचा अधिकारच राहत नाही. पोस्टाच्या पावत्या एका पाकिटात घालून प्रतिज्ञापत्रासोबत द्या.

एका सुनावणीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. अर्जदार बाई आपल्या उकडीच्या मोदकांबद्दल जीव ओतून बोलल्या, सदस्यांनी हसून ऐकलं. मग शेजारचे एक आजोबा उठले आणि म्हणाले, कचऱ्याची गाडी पहाटे किती वाजता येणार आणि वळणार कुठे? बाईंकडे उत्तर नव्हतं. मोदक कसे आहेत याच्याशी बोर्डाला कर्तव्य नसतं. हीच जागा या धंद्याला विशेष योग्य का, हे दाखवावं लागतं. शाळा किंवा इस्पितळ समाजोपयोगी म्हणून त्यातून सुटतं, खानावळ सुटत नाही. शेजाराला मोठा उपद्रव नाही आणि गावाच्या झोनिंगच्या हेतूला बाध येत नाही, हेही पटवायचं. १९८७ च्या मेडिची खटल्यापासून त्यात आणखी एक भर आहे: गावाने हा धंदा त्या झोनमधून वगळलेला असताना तो तिथे का चालावा, याचा जास्त भक्कम पुरावा द्यावा लागतो. हे काम तुमच्या बाजूच्या परवानाधारक प्लॅनरचं, म्हणजे नगररचनेच्या तज्ज्ञाचं. पैसे वाचवायचे तर आराखड्याच्या रंगीत चित्रांत वाचवा, प्लॅनरमध्ये नको.

पाच होकार मिळाले म्हणजे लगेच ओटा बांधायला घेऊ नका. लेखी ठराव यायला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. निकालाची जाहिरात झाली की हरकत असणाऱ्याला सुपीरियर कोर्टात जायला आणखी ४५ दिवस असतात. त्या काळात बांधकाम केलं तर जोखीम तुमची. बांधकाम, आरोग्य आणि फायर खात्याच्या परवानग्या त्यानंतरही वेगळ्या घ्यायच्याच. व्हेरियन्स माणसाला नाही, जागेला मिळतो. उद्या दुकान विकलंत तरी तो तिथेच राहतो, रात्री नऊला शटर बंद करण्याच्या अटीसकट. म्हणून विकताना ठरावाची प्रत घेणाऱ्याच्या हातात द्या.