१.४ नॅनोमीटरचा फरक

दर वर्षी १८ ऑगस्ट आला की तोच मजकूर फिरू लागतो: १८६८ साली याच दिवशी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधला. सोबत किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’चा फोटो. लॉकयर विजयदुर्गला आला होता हे खरे, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. १८६८च्या ग्रहणाच्या वेळी तो इंग्लंडातच होता.

ते ग्रहण पाहणारे वेगळे होते. फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला, हर्शेल घराण्यातला एक लेफ्टनंट पटवर्धनांच्या जमखंडीला. सूर्यबिंब झाकले गेल्यावर कडेला ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्यांच्यावर त्यांनी वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांच्या पट्ट्यात पसरवणारे उपकरण, रोखले. तापलेल्या वायूतले प्रत्येक मूलद्रव्य त्या पट्ट्यात आपल्या ठरावीक रेषा उमटवते. हायड्रोजनच्या रेषा दिसल्या आणि एक पिवळी रेषाही. पिवळी म्हणजे सोडियम, असे वाटणे साहजिक होते. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका, तोच पिवळा दिसेल. सोडियमच्या त्या दोन रेषा, डी१ आणि डी२, ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीवर असतात. पाच-सहा मिनिटांच्या अंधारात, धांदलीत, रेषा ‘डी’वर आहे की ‘डी’शेजारी, हे कोण मोजणार?

मोजायला निवांत वेळ हवा, म्हणजे ग्रहणावाचून ज्वाला दिसायला हव्यात. इथली युक्ती फार सुंदर आहे. एरवी ज्वाला दिसत नाहीत, कारण सूर्याशेजारचे आकाश विखुरलेल्या उजेडाने झगझगत असते. पण या उजेडात सगळे रंग सलग मिसळलेले असतात. एका लोलकाने त्याचा पट्टा पसरला, आणखी लोलक लावून तो दुप्पट लांब केला, तर तेवढाच उजेड दुप्पट जागेत वाटला जातो आणि पट्टा निम्मा फिका होतो. ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्याच तरंगलांबींचा. त्याची प्रत्येक रेषा म्हणजे उपकरणाच्या फटीची प्रतिमा. लोलक वाढवले तर रेषा एकमेकींपासून लांब जातात, पण स्वतः रुंदावत नाहीत, म्हणून फिक्याही पडत नाहीत (काचेत थोडा प्रकाश जिरतो, तो सोडा). पुरेसे लोलक लावले की आकाश मागे पडते आणि रेषा वर उठून दिसते. फट मात्र जपून ठेवावी लागते. ती रुंद झाली तर शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात, फार अरुंद केली तर प्रकाशच पुरत नाही. आणि बिंबाच्या कडेवरून जराशी आत सरकली की सूर्याचा झोत सगळे धुऊन टाकतो.

जान्सेनने दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, ज्वालांच्या रेषा पाहिल्या. लॉकयरला तेच २० ऑक्टोबरला इंग्लंडात, स्वतंत्रपणे साधले. पिवळी रेषा ‘डी’वर नव्हतीच, ती होती ५८७.६ वर. डी२पासून फरक १.४ नॅनोमीटर. तिला डी३ म्हणू लागले. ही हायड्रोजनचीच करामत नसेल ना, म्हणून लॉकयर आणि रसायनतज्ज्ञ फ्रँकलंड यांनी तो वायू निरनिराळ्या दाबांखाली तपासला. डी३ उमटली नाही. म्हणजे ती एखाद्या नव्या मूलद्रव्याची असावी; त्याला नाव मिळाले हेलियम.

तरीही पुढची सत्तावीस वर्षे हेलियम हे केवळ एका रेषेला दिलेले नाव होते. १८९५मध्ये ब्रिटिश रसायनतज्ज्ञ रॅमसे आरगॉन वायूच्या शोधात क्लेव्हाइट हे युरेनियमचे खनिज आम्लात तापवत होता. निघालेल्या वायूत ती रेषा सापडली. पण खरी परीक्षा त्यानंतर झाली. रूंगे आणि पाशेन या जर्मन संशोधकांना पृथ्वीवरच्या वायूची रेषा दुहेरी दिसली: ठळक रेषेच्या लाल बाजूला जेमतेम ०.०३५ नॅनोमीटरवर एक फिकी जोडीदारीण. सूर्याची रेषा एकेरी निघती तर सगळेच ओमफस्स झाले असते. त्याच वर्षी तीही दुहेरी असल्याचे दिसले.

आता दुसरी बाजू. १८६९च्या ग्रहणात सूर्याच्या किरीटात, म्हणजे करोनात, एक हिरवी रेषा दिसली. तर्क तोच: अनोळखी रेषा, म्हणजे नवे मूलद्रव्य. नाव ठेवले कोरोनियम. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला हायड्रोजनहूनही हलके ठरवून अंदाजे ०.४ अणुभार देऊ केला. बरे, त्या रेषेची जागाही चुकली होती. ती ५३१.७ वर मानली जाई. १८९८च्या ग्रहणात विजयदुर्ग आणि सोलापूरकडच्या जेऊरला घेतलेल्या छायाचित्रांवरून कळले, ती ५३०.३ वर आहे. पुन्हा १.४ नॅनोमीटर!

जागा सुधारली, पण वायू कुठल्याच खनिजातून निघाला नाही. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोसलेने १९१३मध्ये मूलद्रव्यांचे अणुक्रमांक पक्के केल्यावर तर कोरोनियमला आवर्तसारणीत उभे राहायला जागाच उरली नाही. अखेर १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन या भौतिकशास्त्रज्ञांनी उलगडले: ते तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले साधे लोखंड आहे. लोखंडाची अशी दशा व्हायला दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागते आणि खाली सूर्याचा पृष्ठभाग आहे सुमारे साडेपाच हजार अंशांचा.

ग्रहणात घरात दडून न बसता कोणी किल्ल्यावर जात असेल, तर चांगलेच. ओट्यांशेजारी फलक लावायचा असेल, तर त्यावर १८६८ नको. १८९८ लिहावे, आणि त्याखाली ५३०.३.