मूळ अवयव आणि विभाजक: भुसावळ व नंदुरबारच्या पिनकोडांवरून

भुसावळचा पिनकोड ४२५२०१ आणि सुरतेच्या लोहमार्गावर पुढे लागणाऱ्या नंदुरबारचा ४२५४१२. टपालाच्या दृष्टीने हे नुसते पत्ते आहेत. परंतु त्यांच्याकडे पूर्ण संख्या म्हणून पाहिले, तर मूळ अवयव आणि विभाजक हे शाळेपासून एकमेकांत मिसळले जाणारे दोन शब्द वेगळे करून दाखवायला याहून सोयीची जोडी मला खानदेशात सापडलेली नाही.

ज्या संख्येने निःशेष भाग जातो, ती विभाजक; विभाजकांपैकी जी स्वतः मूळ संख्या असते, तेवढीच मूळ अवयव.

भुसावळच्या संख्येला २, ३, ५ यांनी भाग जात नाही. ७ ने भागल्यास ६०७४३ येतात, त्यांना १९ ने भागल्यास ३१९७ आणि त्यांना २३ ने भागल्यास १३९. या १३९ ला २, ३, ५, ७, ११ यांपैकी एकानेही भाग जात नाही, आणि १३ चा वर्ग १६९ हा तिच्याहून मोठा असल्यामुळे पुढे तपासण्याचे कारण उरत नाही. ती मूळ संख्याच आहे. नंदुरबारची संख्या त्या मानाने लवकर फुटते. शेवटचे दोन अंक १२ असल्याने ४ ने भाग जाऊन १०६३५३ येतात; अंकांची बेरीज १८, म्हणून ९ ने भागून ११८१७; पुन्हा बेरीज १८, पुन्हा ९ ने भागून १३१३, म्हणजेच १३ × १०१.

भुसावळचे मूळ अवयव ७, १९, २३, १३९; नंदुरबारचे २, ३, १३, १०१. दोन्हीकडे चारच, तेव्हा विभाजकही सारखेच असतील असे वाटते आणि फसगत होते ती इथेच. भुसावळला विभाजक १६ आहेत, नंदुरबारला ६०.

कारण असे की विभाजक तयार करताना प्रत्येक मूळ अवयव किती वेळा घ्यायचा, हे आपण ठरवतो. भुसावळमध्ये प्रत्येक अवयव एकदाच येतो. तो घ्या किंवा सोडा, म्हणून २ × २ × २ × २. (७ आणि १९ घेतले की १३३ मिळतात: विभाजक खरा, मूळ अवयव नव्हे.) नंदुरबारमध्ये मात्र २ दोनदा आणि ३ चारदा येतो; त्यामुळे २ घेण्याच्या तीन रीती, ३ घेण्याच्या पाच, आणि १३ व १०१ यांच्या दोन-दोन: ३ × ५ × २ × २ = ६०.

संख्या किती मोठी आहे याला इथे फारसे महत्त्व नाही. २१० ही लहानशी संख्या २ × ३ × ५ × ७ असल्यामुळे तिलाही भुसावळइतकेच १६ विभाजक आहेत; उलट २,६२,१४४ म्हणजे २ चा अठरावा घात, तिचा मूळ अवयव एकच आणि विभाजक १९.

काहीच न घेतल्यास १ मिळतो. तो प्रत्येक संख्येचा विभाजक असतो, पण मूळ अवयव कोणाचाच नसतो, आणि भुसावळच्या १६ व नंदुरबारच्या ६० विभाजकांमध्ये सामाईक आहे तोही तेवढाच.