व्हिक्टोरिया राणीचा पुतळा (बडोदे संस्थानची देणगी)

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड (कारकीर्द १८५६–७०) यांच्या देणगीतून मुंबईत उभारलेला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा (कारकीर्द १८३७–१९०१) संगमरवरी पुतळा. शिल्पकार मॅथ्यू नोबल. अनावरण एप्रिल १८७२ च्या अखेरीस, नियोजित व्हाइसरॉय म्हणून नुकतेच मुंबईत उतरलेले लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या हस्ते झाले. त्या वेळी खंडेराव हयात नव्हते. गादीवर त्यांचे बंधू मल्हारराव होते. पुतळा बडोद्यात कधीच नव्हता. तरीही संस्थान आणि ब्रिटिश राजपद यांच्यातील दोस्तीचा विचार त्याला वगळून करता येत नाही.

गायकवाडांचे इंग्रजांशी नाते तहांचे होते. १८०२ आणि १८०५ च्या तहांनी बडोद्यात तैनाती फौज व रेसिडेंट (इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) आले, १८१७ च्या पुरवणी तहाने बंधने वाढली. तरी आपण जिंकले गेलेलो नसून दोस्त आहोत, ही भूमिका दरबाराने सोडली नाही. १८५७ च्या उठावात खंडेरावांनी इंग्रजांची बाजू घेतली. त्याच्या मोबदल्यात गुजरातच्या घोडदळासाठी द्यावी लागणारी वार्षिक ३ लाख रुपयांची रक्कम माफ झाली. १८६१ मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ हा सन्मान स्थापन झाला, तेव्हा शिंदे व होळकर यांच्यासह खंडेराव त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत होते. १८६२ मध्ये दत्तकाची सनद, म्हणजे औरस पुत्र नसल्यास वारस दत्तक घेण्याची मान्यता, मिळाली.

देणगीमागील हेतूबद्दल दोन मते दिसतात. जुने ग्रंथकार ती निखळ राजनिष्ठा मानतात. नंतरचे काही अभ्यासक तिच्यात खंडेरावांचा उधळा स्वभाव पाहतात. ‘स्टार ऑफ द साउथ’ हा सुमारे १२८ कॅरटचा हिरा त्यांनीच घेतला. मदिनेतील पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी म्हणून सांगितली जाणारी मोत्यांची चादरही त्यांच्याच काळची. स्वभावाचा मुद्दा खरा असला, तरी त्याने सगळे उलगडत नाही. औरस पुत्र नसलेल्या राजाच्या दृष्टीने दत्तकाच्या सनदेचे मोल हिऱ्याहून मोठे होते, आणि तिच्यापाठोपाठच्या वर्षांत ही देणगी येते हे लक्षात घेतले पाहिजे. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा जमनाबाईसाहेब यांनी सयाजीरावांना दत्तक घेतले.

राणी सिंहासनावर बसलेली आहे. मूळ रचनेत तिच्यावर गॉथिक शैलीतील उंच, नक्षीदार छत्री होती. छत्रीच्या कामात इंग्लंडचा गुलाब व हिंदुस्थानचे कमळ असून ‘स्टार ऑफ इंडिया’चे चिन्हही होते. हे चिन्ह सामान्यतः राणीच्या गौरवाचे समजले जाते. मात्र देणगीदार स्वतः त्या सन्मानाचा मानकरी असल्याने बडोद्याच्या बाजूनेही त्याला अर्थ आहे. एकूण खर्च सुमारे १,८२,००० रुपये. त्यातील बहुतेक वाटा गायकवाडांचा. हल्लीच्या हुतात्मा चौकाजवळ, तारघराच्या बाजूला तो उभा होता. याच शिल्पकाराचा प्रिन्स अल्बर्टचा पुतळा भायखळ्याच्या संग्रहालयात आहे. तो डेव्हिड ससून यांची देणगी.

मराठी वाचकाला हा पुतळा ठाऊक असतो तो डांबराच्या प्रकरणामुळे. १८९६ मध्ये, बहुधा ऑक्टोबरात, एका रात्री पुतळ्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घालण्यात आली. त्या वेळी करणारा सापडला नाही. पुढे पुण्यात २२ जून १८९७ रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या खटल्यात पकडलेले दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात हे कृत्य आपले असल्याचे सांगितले. कबुली स्वतःच्या हातची व तपशीलवार असल्याने ती ग्राह्य धरण्यास हरकत नसावी.

डाग काढण्याचे काम त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी केले, आणि येथे बडोद्याचा संबंध पुन्हा येतो. गज्जर मूळचे सुरतेचे, बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १८९० मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने निघालेल्या कलाभवनाची उभारणी त्यांची. रंगकाम व कापडछपाईचे शास्त्रीय शिक्षण तेथे देशी भाषांतून दिले जाई. १८९६ च्या सुमारास ते मुंबईला गेले. युरोपीय तज्ज्ञांनी हात टेकल्यावर त्यांनी पुतळा पांढराशुभ्र केला, असे चरित्रपर लेखनात आढळते. त्यात थोडी भर पडली असणे शक्य आहे. मुख्य गोष्ट मात्र विश्वसनीय आहे.

काम अवघड का होते हे समजण्यासाठी दगडाकडे पाहावे लागते. संगमरवर म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेट. अम्ल लावले की तो फसफसून झिजतो आणि झिलई कायमची जाते. खरवडले तर नाकडोळे बोथट होतात. दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबराचा वरचा थर बेंझीनसारख्या द्रावकात विरघळतो खरा, पण पातळ झालेले डांबर दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत आणखी खोल शिरण्याचा धोका असतो. उरणारा तपकिरी डाग काढायला विरंजन (रंग घालवण्याची रासायनिक क्रिया) लागते, आणि तेही अम्लाचा स्पर्श न होऊ देता. सुती कापडावर रंग चढवणे व उतरवणे हा ज्याचा रोजचा विषय, त्याच्याकडे हे काम जावे यात नवल नाही. गज्जर यांच्या प्रेरणेने, त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन यांच्या सहभागाने, १९०७ मध्ये बडोद्याचा अलेंबिक कारखाना निघाला.

खंडेरावांच्या पद्धतीचा गौरव सयाजीरावांच्या काळात (१८७५–१९३९) मागे पडला. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’ हा किताब मिळाला, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे त्यांनी एकदाच मुजरा केला व पाठ फिरवली, यावरून मोठे वादळ उठले. तो विषय स्वतंत्र नोंदीचा आहे. बडोद्यात पुतळा उभा राहिला तो सयाजीरावांचाच. रौप्यमहोत्सवानिमित्त १९०७ मध्ये सयाजीबागेसमोर बसवलेला डर्वेंट वुड यांचा हा अश्वारूढ पुतळा गावात ‘काळा घोडा’ म्हणूनच ओळखला जातो. मुंबईतील त्याच नावाच्या घोड्यावर मात्र व्हिक्टोरियाचा मुलगा सातवा एडवर्ड बसलेला होता. त्यामुळे जुन्या पत्रव्यवहारात नुसता ‘काळा घोडा’ आला, तर पत्र कोठून लिहिले आहे ते आधी पाहावे.

१९६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरील ब्रिटिशकालीन पुतळे हलवण्यात आले. व्हिक्टोरियाचा पुतळा, छत्रीवाचून आणि काहीसा मोडक्या अवस्थेत, भायखळ्याच्या राणीच्या बागेत (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) नेण्यात आला.