विद्यार्थी साहाय्य सेवा, महाविद्यालयीन (बेळगाव सीमाभाग)

अध्यापनाखेरीज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवास सवलत, समुपदेशन व तक्रार निवारण या सोयींना विद्यार्थी साहाय्य सेवा म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी भाषक विद्यार्थ्यांना या सेवा दोन राज्यांकडून मिळतात आणि त्यांसाठी लागणारे दाखलेही वेगवेगळे असतात. बेळगावातील पदवी महाविद्यालये सामान्यतः २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न आहेत. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय मात्र महाराष्ट्रातील कागल तालुक्यात असल्याने शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येते.

कर्नाटक शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातील ‘एसएसपी’वर, भरले जातात. त्यासाठी नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकच्या महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढलेल्या जात व उत्पन्न दाखल्यावरील आरडी नंबर आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. दाखला कन्नडमध्ये असतो, शाळेचे कागद मराठी किंवा इंग्रजीत. आडनाव एका लिपीतून दुसरीत जाताना एखादे अक्षर बदलले, तरी अर्ज अडू शकतो. त्यामुळे सगळे कागद शेजारी ठेवून नाव अक्षराअक्षराने ताडून पाहणारा कार्यालयातील कारकून, ही येथील सर्वांत मोलाची सेवा मानावी लागते. तिची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात नसते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ‘विद्यासिरी’ योजनेत दरमहा ठरावीक रक्कम, वर्षातून दहा महिने देण्याची तरतूद आहे.

प्रवासासाठी वायव्य कर्नाटक परिवहनचा विद्यार्थी पास मिळतो. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्यातील महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला. जांबोटी, कणकुंबी भागातील मुलींचे तिकिटाचे पैसे त्यामुळे वाचतात, पण सकाळची बस चुकल्यास पहिले तास बुडतात.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी सीमाभागातील उमेदवारांचा स्वतंत्र पात्रता प्रकार आहे. विवादित गावांतील वास्तव्य आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला त्यासाठी आवश्यक असतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या गावांची संख्या ८६५ आहे.

रॅगिंगविरोधी व्यवस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार चालते. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकावरील ‘टेलिमानस’ सेवा मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. महाविद्यालयातील समुपदेशकालाही मराठी येणे येथे अत्यावश्यक आहे, कारण घाबरलेला विद्यार्थी बोलता बोलता घरच्याच भाषेवर येतो.