वायफायचं दुसरं नाव म्हणजे वेगळं नेटवर्क नव्हे

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याच्या पेढीवर आठ माणसं, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) एक सर्व्हर आणि दोन प्रिंटर. मालक म्हणाले, "पोरांच्या मोबाईलला वेगळं वायफाय देऊन टाकलं ना बाप्पा, आता काय टेन्शन?" मी माझा फोन त्या 'स्टाफ' वायफायला जोडला आणि फाइल उघडायच्या ॲपात सर्व्हरचा पत्ता टाकला. तीन वर्षांचे हिशेब समोर उघडले.

महालातल्या जुन्या वाड्याला दोन दारं असतात, पण आत शिरलं की चौक एकच. वायफायचं दुसरं नाव आणि पासवर्ड हे असं दुसरं दार. तेवढ्यानं आत भिंत उभी राहत नाही.

भिंत म्हणजे व्हीलॅन, एकाच वायरिंगवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं. १९९८ साली ठरलेल्या ८०२.१क्यू या मानकाप्रमाणे प्रत्येक फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पुडक्याला, ४ बाइटची खूण लागते, तिच्यातले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. दहा नंबरच्या व्हीलॅनची फ्रेम वीस नंबरच्या व्हीलॅनला दिलेल्या पोर्टवर (वायर खोचायच्या खाचेवर) स्विच सोडतच नाही. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे आत सेटिंग करता येणारा, स्विच लागतो. साध्या स्वस्त स्विचला ही खूण कळत नाही. आणि इथेच बरेच जण फसतात: व्हीलॅन केले, पण दोन्ही ज्या राउटरला मिळतात तो अनेकदा आपणहून त्यांना एकमेकांशी जोडून देतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या भागात, 'स्टाफकडून ऑफिसकडे बंद, इंटरनेटकडे चालू' असा नियम हातानं लिहावा लागतो. स्टाफच्या बाजूनं राउटरचं सेटिंगचं पानही बंद करा.

राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' हे नुसतं दुसरं नाव आणि खरी भिंत यांच्या मधलं. डबा राउटर म्हणून चालत असेल तर ते बहुधा ठीक काम करतं. पण पुढे फायबर कंपनीचा डबा असतो, आपला राउटर त्याच्या मागे ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय पसरवणारा) करून लावलेला असतो, आणि त्या मोडमध्ये कित्येक मॉडेलांत गेस्ट थेट ऑफिसच्या नेटवर्कात उतरतो. इतवारीत नेमकं हेच झालं होतं. 'एपी आयसोलेशन' या सेटिंगवरही विसंबू नका. ते वायफायवरच्या फोनांना एकमेकांपासून तोडतं, वायरवरचा सर्व्हर तरीही दिसू शकतो.

एवढं कशाला, असं वाटेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पोर्ट ४४५ वरून (विंडोजच्या फाइल शेअरिंगची वाट) एका विंडोज मशीनमधून दुसऱ्यात आपोआप शिरत गेला, कोणी काही क्लिक न करता. घरून आणलेला एक लॅपटॉप पुरतो.

बजेट नसेल तर दुसरा राउटर चालतो, पण क्रम बघा. इंटरनेटच्या वायरला लागलेला राउटर बाहेरचा, त्याच्या मागे जोडलेला आतला. आतल्या राउटरवरून बाहेरच्याकडे जाता येतं, उलट सहसा नाही. म्हणून ऑफिस आत, पोरांचे फोन बाहेर. लोक हमखास उलटं लावतात.

पडताळा सोपा आहे: स्टाफच्या वायफायवरून मोबाईलच्या ब्राउझरात प्रिंटरचा पत्ता टाका. पान उघडलं की भिंत नाही.

इतवारीत भिंत घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला, "प्रिंटर गायब झाला." गायब कुठला, प्रिंटर आपोआप शोधणं त्याच नेटवर्कापुरतं चालतं. मोबाईलमध्ये त्याचा पत्ता हातानं टाकला आणि त्या एका प्रिंटरपुरती पोर्ट ६३१ ची (छपाईची) वाट फायरवॉलमध्ये उघडून दिली.