पारदर्शक वॉर्निश दिलेल्या बाहेरच्या दाराचे उन्हापासून संरक्षण

रंगाऐवजी पारदर्शक वॉर्निश देऊन ज्या दाराचा मूळ रंग आणि रेषा दिसत्या ठेवलेल्या असतात, अशा बाहेरच्या लाकडी दाराची उन्हाने होणारी हानी रोखण्याचे उपाय. रंगवलेल्या दारात रंगद्रव्याचे कण ऊन अडवतात. पारदर्शक लेपात हा आडोसा नसतो. ज्या वाटेने लाकूड डोळ्यांना दिसते, त्याच वाटेने ऊन लाकडापर्यंत पोचते.

लाकडाच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य लाकडात साधारण 20 ते 30 टक्के असते. सूर्यप्रकाशातील 400 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण ते शोषते आणि त्याचे रेणू तुटू लागतात. हे किरण लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी खोल शिरतात, पण वॉर्निशची पकड नेमकी त्याच थरावर असते. तो भुसभुशीत झाला की वरचा लेप चांगला असूनही पोपडे सुटतात. सुटलेला पापुद्रा उलटून पाहिला, तर आतल्या बाजूला लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले दिसतात. लेपाने लाकूड सोडलेले नसते; लाकडाचाच वरचा थर निघून आलेला असतो. पुढे उघड्या जागी पावसाने तुटलेले लिग्निन धुऊन जाते, लाकूड राखाडी पडते आणि ओल टिकली तर बुरशीचे काळे डाग उमटतात.

म्हणूनच कोणत्याही वॉर्निशपेक्षा सावली अधिक मोलाची. दार बनवणाऱ्या अनेक उत्पादकांचा ठोकताळा असा, की दाराच्या तळापासून छज्ज्यापर्यंत जितकी उंची, तिच्या निम्म्याने तरी छज्जा पुढे आलेला असावा; म्हणजे 2.4 मीटर उंचीला 1.2 मीटर. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दाराला तेवढ्याने भागत नाही, कारण उतरते ऊन छज्ज्याखालून थेट आत येते. अशा दाराचा खालचा अर्धा भाग आधी खराब होतो. बाहेरून काचेचे जादा दार लावल्यास मधली हवा तापते आणि लेपाचे हाल वाढतात.

लेप निवडताना कडकपणापेक्षा लवचीकपणा पाहावा. लाकूड ओलाव्याने फुगते, सुकल्यावर आकसते. घरातल्या फर्निचरसाठीचे पॉलियुरेथेन हे कडक वॉर्निश बाहेर वापरले तर तडकते. बाहेरच्या कामासाठीच्या वॉर्निशमध्ये, विशेषतः जहाजांवर वापरल्या जाणाऱ्या स्पार वॉर्निशमध्ये, तेलाचे प्रमाण जास्त असते. चांगल्या वॉर्निशमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्येही असतात, मात्र ती काळाबरोबर खर्ची पडतात. थर जाड तितके संरक्षण जास्त, म्हणून दोन हातांवर थांबू नये. पातळ चार ते सहा हात द्यावेत. पाण्यासारख्या स्वच्छ लेपापेक्षा किंचित तपकिरी झाक असलेला लेप जास्त टिकतो, कारण त्यातील लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण किरण अडवतात. लाकडाची रेषा त्यातूनही छान दिसते, तेव्हा ही तडजोड करण्यासारखी आहे. वॉर्निशखाली इपॉक्सीचा, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेचा, थर दिला तर पाणी अडते, पण इपॉक्सी स्वतःच उन्हात खराब होते. तिच्यावर वॉर्निश हवेच.

दाराच्या वरच्या आणि खालच्या कडांवर उभ्या पट्ट्यांची टोके उघडी असतात आणि तिथून पाणी झपाट्याने शोषले जाते. खालची कड तर दार बिजागरीतून काढल्याशिवाय नीट दिसतही नाही. लेप तिथेही पूर्ण द्यावा. कुलपाच्या खाचा आणि बिजागरीच्या जागाही सोडू नयेत.

खरी कसोटी देखभालीची. पोपडे दिसेपर्यंत थांबले, तर उशीर झालेला असतो. त्याआधी लकाकी जाते आणि पाण्याचे थेंब गोळा होऊन राहण्याऐवजी पसरू लागतात. या टप्प्यावर दार धुऊन, सुकवून, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासून एक-दोन हात दिले की काम भागते. उन्हातल्या दाराला हे साधारण दरवर्षी लागते, सावलीतल्या दाराला बरेच कमी. राखाडी झालेल्या लाकडावर थेट वॉर्निश देण्यात अर्थ नाही. जुना लेप रसायनाने काढला तरी खालचा मेलेला थर राहतोच, म्हणून ताजा रंग दिसेपर्यंत घासावे लागते. घासलेले दार आठवडे-आठवडे उन्हात उघडे ठेवल्यास पकड पुन्हा कमी होते. जिथे छज्जा शक्य नाही आणि वर्षाला हात देणेही जमणार नाही, तिथे रंगच द्यावा.